दोरीवरचे दोन बारा

विनिफ्रेड ऑल्डरॉइड, म्हणजे सगळ्यांची विनी, मोजायला बसली की हॅगथॉर्प गावात कुणी तिच्या वाटेला जात नसे. गेलंच, तर ती नुसता डावा हात वर करायची, आणि उजव्या हातातली पेन्सिल खाली ठेवेपर्यंत आलेल्या माणसाने दारात ताटकळायचं. मग तो पोस्टमन असो की पाद्री.

मोजणं तिच्या हाडात मुरलं होतं. सोळाव्या वर्षी ती कोळशाच्या खाणीवर दिव्यांच्या खोलीत कामाला लागली आणि खाण बंद पडेपर्यंत, म्हणजे चांगली छत्तीस वर्षं, त्याच खिडकीत बसली. खाली उतरणाऱ्याला दिवा द्यायचा, त्याच्या नंबरचा पितळी बिल्ला घ्यायचा आणि फळ्यावर टांगायचा. माणूस वर आला की दिवा इकडे, बिल्ला तिकडे. फळ्यावर बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस खाली आहे. इतकं साधं.

आणि त्या साधेपणानेच एकदा तिचा घात केला. सदुसष्ट साली सॅम पिकल्स नावाच्या एका बहाद्दराला शनिवारी मॅचला जायचं होतं. त्याने आपली पाळी दोस्ताच्या गळ्यात मारली आणि दोस्त सॅमचा बिल्ला देऊन खाली उतरला. दुपारी छत कोसळलं. दोस्ताची बायको धापा टाकत खिडकीशी आली. विनीने फळा बघितला, पुन्हा बघितला, आणि म्हणाली, "घरी जा बाई, तुझा नवरा खाली नाहीये." ती बाई हसत घरी गेली. संध्याकाळी त्याला वर काढला तो स्ट्रेचरवर, तोंड झाकून.

कुणी विनीला बोल लावला नाही. तिने स्वतःला लावला. त्या दिवसापासून बिल्ला घेताना ती आधी तोंड बघायची, मग नंबर. लोक चेष्टा करायचे. "काय विनी, मला ओळखलंस ना? काल तुझ्याकडेच जेवून गेलोय मी!" ती हसायची नाही. टोपी वर करायला लावायची, तोंड बघायची, मगच दिवा.

खाण गेली. तिचा नवरा हॅरोल्डही दोन वर्षांत छातीच्या दुखण्याने गेला. उरला एकुलता एक मुलगा रसेल, आणि उरली रग्बी. हॅगथॉर्पात रग्बी म्हणजे तेरा जणांची. ती पंधरा जणांची असते ती सायबांची, तिचं नाव इथे कुणी काढत नाही. आणि टीम कशी निवडायची? तर क्लबच्या बारमध्ये बसून. कमिटीतले पाच म्हातारे बियरचे ग्लास समोर ठेवून ठरवायचे, कुणाचा बाप चांगला होता, कोण कुणाचा मेहुणा. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं, आणि वर्षानुवर्षं क्लब दुसऱ्या डिव्हिजनच्या तळाला कुजत होता.

मग आला लेन फॅरिमंड. नवा कोच, आणि तोही टेकड्यांपलीकडचा, जुन्या वैऱ्यांच्या लँकेशायरचा! गावाने कपाळाला हात लावला. पण लेनने पहिल्याच दिवशी बारमध्ये उभं राहून सांगितलं, "मला तुमचे बाप माहीत नाहीत आणि मेहुणेही माहीत नाहीत. मला आकडे द्या. कोण किती वेळा बॉल घेऊन धावला, किती पाडले, किती सुटले. हे मोजणारं कुणी आहे का या गावात?"

सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या.

"ती?" लेन म्हणाला. "तिचा मुलगा टीममध्ये आहे ना?"

"म्हणूनच," कोपऱ्यातून आल्फ म्हणाला. आल्फ म्हणजे क्लबच्या शर्ट-बुटांची पिशवी सांभाळणारा. "ती स्वतःच्या पोराला मोजताना चष्मा पुसून घेते."

खरंच होतं ते. दर सोमवारी सकाळी मॅचची टेप तिच्या घरी यायची. मैदानावर ती कधी जात नसे. म्हणायची, तिथे माणूस जिवाच्या आकांताने ओरडतो, मोजत नाही. घरी टीव्हीपुढे बसायची, टेप थांबवायची, मागे न्यायची. धावणाऱ्याला धरून चिखलात आडवा केला की एक टॅकल, वहीत एक उभी रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. हातातून निसटला तर लाल पेन्सिल. रसेलच्या लाल रेघा ती जरा जास्तच दाबून ओढायची. त्या हंगामात लेन तिच्या वहीवर टीम निवडत गेला आणि ब्याण्णव सालच्या मे महिन्यात हॅगथॉर्प चाळीस वर्षांत पहिल्यांदा फायनलला पोचलं.

आता पेच असा होता. दोन्ही हातांनी माणसं पाडणाऱ्या दुसऱ्या फळीत जागा दोनच, अकरा आणि बारा नंबर. सेमीफायनलला अकरा नंबर होता क्लिफ हार्डकासल, बारा नंबर रसेल. पण कॅप्टन डग्लस खांद्याच्या दुखण्यातून उठला होता आणि फायनलला तो अकरा घालणार हे लेकराबाळांनाही ठाऊक होतं. म्हणजे बारा नंबर एकालाच. क्लिफ तेहतिसाचा, खाणीतला जुना गडी. पंधरा वर्षं क्लबसाठी हाडं मोडून घेतलेली आणि हा हंगाम संपला की निवृत्त. फायनल कधी बघितली नव्हती त्याने. रसेल चोविसाचा.

सोमवारी विनीने सेमीफायनल मोजली. परगावची मॅच, धो धो पाऊस, कॅमेऱ्याच्या काचेवर पाणी, सगळे खेळाडू चिखलात लोळून एकाच रंगाचे. पाठीवरचे पांढरे आकडे तेवढे दिसत होते. सत्ताविसाव्या मिनिटाला क्लिफची भुवई फुटून तो बाहेर गेला आणि पट्टी बांधून परत आला, एवढं तिने समालोचकाच्या आवाजावरून टिपलं. शेवटी बेरीज केली: अकरा नंबर, अकरा टॅकल. बारा नंबर, त्रेचाळीस. त्रेचाळीस! सबंध हंगामात कुणी पस्तिसावर गेलं नव्हतं. तिने दोनदा बेरीज केली. मग वही मिटली, चहा केला आणि हॅरोल्डच्या फोटोकडे बघून म्हणाली, "बघितलंस का रे तुझं पोर?"

मंगळवारी लेनने वही बघितली आणि क्लिफला बाजूला घेऊन सांगितलं, की बारा नंबर रसेलचा आणि राखीव बाकावर तरणी पोरंच बसणार. क्लिफ फक्त म्हणाला, "त्रेचाळीस म्हणजे त्रेचाळीस. त्याला काय बोलायचं!" टीमची यादी रिवाजाप्रमाणे गुरुवारी सहाला क्लबच्या दारावर लागणार होती.

गुरुवारी दुपारी दोनला विनी पाव आणायला मागच्या गल्लीतून निघाली. आठवडाभर पाऊस, आज कुठे ऊन पडलं होतं, म्हणून गल्लीभर दोऱ्या बांधून धुणी वाळत होती. आल्फची बायको आयडा क्लबचे शर्ट टाकत होती. तीच धुते, वर्षानुवर्षं. विनी दोरीखालून वाकून गेली आणि सवयीने, नुसत्या सवयीने, तिने नंबर मोजले. नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा, पंधरा, बारा.

ती थांबली.

"आयडा, हे काय गं? दोन बारा?"

"अगं, तो जुन्या सेटमधला आहे," आयडा तोंडातला चिमटा काढत म्हणाली. "क्लिफचं डोकं नाही का फुटलं? आता तो नवा नियम आलाय ना, रक्त लागलेला शर्ट घालून खेळायचं नाही म्हणे. आणि आमच्या येड्याने जादा शर्ट म्हणून पिशवीत हाच एक टाकलेला! रेफरी म्हणाला, चालवून घ्या, पाऊस काय कमी आहे का. अकराचं रक्त निघता निघेना बघ, तीनदा भिजत घातला."

विनीने दोरीचा खांब धरला.

"म्हणजे परत आल्यावर क्लिफ बारा नंबर घालून खेळला? शेवटपर्यंत?"

"मग काय उघडा खेळणार होता? काय झालं गं? पांढरीफटक पडलीस!"

पाव तसाच राहिला. घरी येऊन तिने दाराला कडी घातली, टेप लावली आणि पडद्याला नाक लागेल इतकी पुढे सरकून बसली. आता ती नंबर बघत नव्हती. आता ती माणसं बघत होती. आणि दोन मिनिटांत, देवाशपथ, दोनच मिनिटांत तिला दोघं वेगळे दिसायला लागले! क्लिफ खाली वाकून डाव्या खांद्याने घोट्यात घुसतो, विळ्याने गवत कापावं तसा माणूस आडवा करतो. रसेल उभाच राहतो, छातीशी भिडतो, बापाची सवय. पट्टी चिखलाने काळी झाली होती, पण डोकं त्या पट्टीने जाड दिसत होतं. एका ठिकाणी तर दोघं शेजारी शेजारी उभे होते, पाठमोरे, बारा आणि बारा. सोमवारी याच चित्रावरून ती पुढे गेली होती.

सोळा वर्षांची असल्यापासून माणसं ओळखण्याची भाकरी खाल्लेली बाई! आणि पोटच्या पोराची चाल ओळखली नाही? की ओळखायची नव्हती? हा प्रश्न तिच्या मनात आला आणि तिने टेप थांबवली. मग पुन्हा चालू केली, कारण घड्याळात सव्वातीन झाले होते.

पाच वाजता नवी बेरीज समोर होती. क्लिफ: अडतीस. रसेल: सोळा. लाल रेघा सहा, सहाच्या सहा रसेलच्या.

दार वाजलं. रसेल विटांच्या कारखान्यातून आला होता, केसांत लाल धूळ. कडी काढल्यावर त्याने आधी टीव्हीकडे बघितलं, मग वहीकडे. चेहरा उतरला.

"ती टेप कशाला काढलीस परत?"

"दोन बारा होते, रसेल."

तो बूट काढायला खाली बसला आणि नाडीशीच खेळत राहिला.

"तुला माहीत होतं?"

"मैदानावर मीच होतो ना, आई. मी किती पाडले ते मला कळत नाही होय? मंगळवारी लेन म्हणाला त्रेचाळीस, तेव्हा हसूच येत होतं मला."

"मग बोलला का नाहीस? क्लिफला घरी बसवला त्यांनी! तोंड शिवलं होतं का तुझं?"

रसेलने मान वर केली. डोळे भरलेले होते, आणि रागही होता त्यांत.

"मला वाटलं, तूच केलंस. माझ्यासाठी. आयुष्यात एकदा तरी माझ्या बाजूने. अख्खा हंगाम लाल पेन्सिल दाबून दाबून ओढलीस, आणि पोरं मला चिडवतात, तुझी आई आहे की रेफरी. म्हटलं, चला, एकदा तरी हिला आपण दिसलो. म्हणून गप्प बसलो."

विनीला हुंदका आला. तो तिने गिळला नाही, येऊ दिला. मग पदर नसलेल्या त्या बाईने कोटाच्या बाहीने डोळे पुसले आणि वही काखोटीला मारली.

"आई, नको जाऊस," रसेल दाराशी आडवा आला. "डग्लसचा खांदा अजून दुखतोय, कदाचित क्लिफलाही जागा मिळेल. फायनल आहे गं! पुन्हा चाळीस वर्षांनी येईल. क्लिफनं तर मान्यही केलंय. कुणालाही कळणार नाही."

"मला कळलंय ना! एका बाईला मी नंबर बघून घरी पाठवलं होतं, रसेल. हसत गेली ती. बाजूला हो."

तो बाजूला झाला.

साडेपाच वाजता क्लबसमोर शे-दीडशे माणूस जमलं होतं. मटण भरलेल्या गरम पेस्ट्रीचा आणि उकडलेल्या वाटाण्यांचा वास, सिगारेटी, चेष्टामस्करी. "काय विनी, पोरासाठी हार आणलास का?" कुणीतरी ओरडलं. ती तडक आत गेली. लेनच्या खोलीत लेन होता, कमिटीचा नॉर्मन टॉर्डॉफ होता, आणि क्लिफ होता. क्लिफ आपले जादाचे बूट कुणा गरजूला द्या म्हणून घेऊन आला होता. भुवईवर सात टाके.

विनीने वही टेबलावर उघडली आणि सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. शर्ट, दोरी, अडतीस, सोळा.

लेन लालबुंद झाला.

"अर्ध्या तासावर यादी आलीय, विनी! अर्ध्या तासावर! आता मी यातलं कुठलं खरं मानू? सोमवारचं की आजचं? आणि उद्या अजून काही निघालं तर?"

"कुठलंच मानू नका. टेप आणलीय. लावा. पण नंबर बघू नका, आधी माणूस बघा."

त्यांनी बाहेरच्या हॉलमधल्या टीव्हीवर टेप लावली. पंधरा मिनिटं टेप चालली. आत माणसं दाटीवाटीने घुसली. क्लिफ स्वतःला बघत भिंतीला टेकून उभा होता, आणि दर वेळी डावा खांदा घोट्यात घुसला की त्याचा हात नकळत भुवईकडे जायचा. दोन बारा नंबर शेजारी उभे दिसले तेव्हा हॉलमध्ये एकच गलका झाला. दारातल्या आल्फने टोपी डोळ्यांवर ओढली.

"पुरे," लेन म्हणाला. त्याने खिशातली यादी काढली, बाराव्या ओळीवर काट मारली, हार्डकासल लिहिलं. थोडा विचार केला आणि तळाला, पंधराव्या ओळीत, राखीव म्हणून ऑल्डरॉइड लिहिलं.

विनीचा जीव जरासा भांड्यात पडला. एवढ्यात नॉर्मन टॉर्डॉफने घसा खाकरला. टीम निवडायचा हक्क गेल्यापासून तो दबा धरूनच बसला होता.

"हे बरंय की!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "म्हणजे आईने पोरासाठी आकडा फुगवला, आणि पकडली जाईल म्हटल्यावर पळत आली. आई आपल्या पोराला ओळखत नाही? कुणाला सांगता! मी आधीपासून सांगतोय, बायकांच्या वहीवर टीम काढली की हेच होणार."

जो प्रश्न विनीने दुपारी स्वतःला विचारला होता तोच हा माणूस विचारत होता. माणसं तिच्याकडे बघत होती. छत्तीस वर्षं ज्यांची तोंडं तिने बघितली ती माणसं आता तिचं तोंड निरखत होती.

"तिला माहीत नव्हतं."

दारातून आवाज आला. रसेल होता, अजून विटांच्या धुळीत, पायात नाड्या न बांधलेले बूट.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "मंगळवारपासून. मी सोळाच पाडले, ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो. तिला आज दुपारी कळलं आणि ती इथे आली. मी दारात आडवा आलो होतो. काय बोलायचं ते मला बोला, नॉर्मन. तिला नाही."

लेन रसेलसमोर येऊन उभा राहिला. पुढे जे करायचं होतं ते त्याला आवडत नव्हतं, हे दिसत होतं. पण त्याने यादी भिंतीवर टेकवली, पेन काढलं आणि पंधराव्या ओळीवर काट मारली.

"स्वतःचा खोटा आकडा खिशात घालून फिरणारा मला बाकावरही नको," तो म्हणाला. "पुढच्या हंगामात ये. बघू."

रसेलने मान हलवली. क्लिफ त्याच्याजवळ गेला, काहीतरी पुटपुटला आणि जादाचे बूट त्याच्या हातात दिले. नॉर्मन बारकडे वळला. सहाच्या ठोक्याला यादी दारावर लागली.

मायलेक गल्लीतून घरी निघाले. ऊन अजून होतं. आयडाने शर्ट काढून नेले होते, दोऱ्या रिकाम्या होत्या. विनीला पुष्कळ बोलायचं होतं. माझ्यामुळे गेलं रे तुझं. तू मला दिसतोस रे, कायम दिसतोस, म्हणून तर तुला मोजताना भीती वाटते मला. पण तोंडून निघालं ते भलतंच.

"जेवायला अंडी आहेत फक्त. पाव राहिला आणायचा."

"चालतील."

घराच्या पायरीशी तो थांबला.

"आई, सोळा नव्हते."

"काय?"

"सतरा होते. पहिल्या हाफला, कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ. तू एक सोडलास."

विनीची मान ताठ झाली. "मी सोडत नाही."

"सोडलास."

"दाखव."

कोट न काढता तिने टेप लावली. रसेल तिच्या शेजारी जमिनीवर बसला, बोट दाखवायला. पाऊस, चिखल, कोपऱ्यातला झेंडा, माणसांचा ढीग. तिने मागे नेली, पुन्हा बघितलं. पुन्हा मागे नेली. तिसऱ्यांदा तिने चित्र थांबवलं आणि ढिगाच्या अगदी तळाला, चिखलातून क्षणभर वर आलेलं एक तोंड नीट निरखलं. डोळे मिटलेले, दात आवळलेले, दोन्ही हात त्या धिप्पाड माणसाच्या छातीभोवती घट्ट. नंबर कुठेच दिसत नव्हता.

तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग वही ओढली, सोळाच्या पुढे एक उभी रेघ मारली आणि आकडा खोडून सतरा लिहिला.

"लेनला सांगून येऊ?" तिने विचारलं.

"नको," रसेल म्हणाला. "तुला कळलं ना. बस झालं."

विनीने पेन्सिल खाली ठेवली आणि अंडी तळायला उठली.